दृष्टी राखणारे इंजेक्शन आणि त्याचा खर्च

मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते, ही गोष्ट आज मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गावोगावी भरलेल्या नेत्रशिबिरांनी हा विश्वास निर्माण केला. दरम्यान दृष्टी हिरावून घेणारा दुसरा एक विकार ग्रामीण भागात पाय रोवू लागला आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा हा विकार होय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्यावर एकदाच करावी लागते. पडद्याच्या विकारात मात्र प्रत्यक्ष डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यावे लागते आणि ते एकदा देऊन भागत नाही.

परभणी जिल्ह्यातील पालम, सोनपेठ अथवा जिंतूर तालुक्यातील एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्यास जेव्हा "दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागेल" असे सांगण्यात येते, तेव्हा त्याच्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. पहिल्या इंजेक्शनाचे पैसे कसेबसे उभे राहतात, दुसऱ्याचे उसनवारीने होतात आणि तिसऱ्यानंतर रुग्ण येईनासा होतो. असा अर्ध्यावर थांबलेला उपचार हा सर्वांत महाग उपचार होय. कारण त्यात झालेला खर्चही वाया जातो आणि दृष्टीही जाते. म्हणूनच हा खर्च कशाकशाचा मिळून होतो आणि त्यातील कोणता भाग सुरक्षितपणे कमी करता येतो, हे रुग्णाइतकेच गावातील जाणत्या मंडळींनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

डोळ्याच्या मागील बाजूस आतून पसरलेल्या पातळ थरास दृष्टिपटल म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच पडदा असे नाव आहे. समोरच्या वस्तूची प्रतिमा या पडद्यावर उमटते. त्याच्या मध्यभागी असलेल्या छोट्याशा भागामुळे आपण वाचू शकतो, सुईत दोरा ओवू शकतो आणि माणसाचा चेहरा ओळखू शकतो. या भागास पीतबिंदू असे म्हणतात.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून द्रव पाझरतो, पीतबिंदूवर सूज येते आणि मधली दृष्टी अंधुक होते. पुढे काही रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्तपुरवठा अपुरा पडलेला पडदा एक प्रकारचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतो. या प्रथिनाच्या प्रभावाने नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. वाढत्या वयात होणाऱ्या पीतबिंदूच्या एका विकारातही याच प्रथिनाचा हात असतो. "व्हीईजीएफ" या आद्याक्षरांनी ते शास्त्रात ओळखले जाते. डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन हे या प्रथिनाला निष्प्रभ करणारे औषध होय. त्यामुळे सूज ओसरते, नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात व दृष्टी टिकते. पुष्कळ रुग्णांत ती सुधारतेही. मात्र औषधाचा प्रभाव काही आठवड्यांनी ओसरतो. म्हणून ते पुन्हा द्यावे लागते.

या विकाराचा आवाका लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर विकाराच्या खुणा आढळल्या आणि सुमारे ४ टक्के लोकांची दृष्टी धोक्यात असल्याचे दिसून आले. हे प्रमाण लक्षात घेतल्यास, एखाद्या मोठ्या गावात चाळिशीपुढचे शंभर मधुमेही असतील, तर त्यांपैकी बारा-तेरा जणांचा पडदा बाधित असणे आणि चौघांच्या दृष्टीला धोका असणे संभवते. २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार लोकवस्ती असलेल्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी नसला, तरी गावोगावी आहे.

एकाच कुळातील दोन औषधे, किमतीत मोठे अंतर

या इंजेक्शनांच्या किमतीचा इतिहास बोधप्रद आहे. बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. कर्करोगाच्या गाठीलाही नव्या रक्तवाहिन्यांची गरज असते आणि हे औषध त्यांची वाढ रोखते. त्याच कंपनीने त्याच मूळ प्रतिपिंडापासून डोळ्यासाठी रॅनिबिझुमॅब हे औषध तयार केले व ते २००६ मध्ये मंजूर झाले. तत्पूर्वी, २००५ मध्येच, अमेरिकेतील मायामी येथील नेत्रतज्ज्ञांनी कर्करोगाचे औषध अत्यल्प मात्रेत डोळ्यात देऊन पाहिले आणि त्याचा चांगला गुण आला. नंतर २०११ मध्ये अफ्लिबरसेप्ट व २०२२ मध्ये फॅरिसिमॅब ही औषधे अमेरिकेत मंजूर झाली.

त्या काळात अमेरिकेत रॅनिबिझुमॅबच्या एका मात्रेस सुमारे २,००० डॉलर, तर बेव्हासिझुमॅबच्या एका मात्रेस सुमारे ५० डॉलर पडत असत. म्हणजे एकाच प्रथिनावर काम करणाऱ्या दोन औषधांच्या किमतीत चाळीस पटींचे अंतर होते.

हे अंतर कशामुळे पडते? ही औषधे रासायनिक गोळ्यांसारखी तयार होत नाहीत. जिवंत पेशींकडून त्यांची निर्मिती करवून घ्यावी लागते, त्यामुळे ती मुळातच खर्चिक असतात. परंतु दोहोंतील फरकाचे मुख्य कारण कुपीच्या आकारात आणि कंपनीने ठरविलेल्या किमतीत आहे. रॅनिबिझुमॅबची कुपी एका डोळ्याच्या एका मात्रेसाठी भरलेली असते. बेव्हासिझुमॅबची कुपी कर्करोगाच्या रुग्णासाठी असते. तिच्या लहान कुपीत ४ मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषध असते. डोळ्यासाठी लागते फक्त ०.०५ मिलिलिटर, म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. केवळ अंकगणिताने पाहिल्यास एका कुपीत डोळ्याच्या ८० मात्रा होतात. प्रत्यक्षात काही औषध वाया जाते आणि ठराविक मुदतीनंतर उरलेले टाकून द्यावे लागते. तरीही हिशेबासाठी कुपीची किंमत २०,००० रुपये धरली आणि ती वीसच रुग्णांत विभागली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला औषधाचे १,००० रुपये येतात. तीच कुपी एका रुग्णासाठी फोडली, तर साराच भार त्याच्यावर पडतो.

स्वस्त औषध गुणातही उतरते का?

स्वस्त ते कमअस्सल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या खर्चाने झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढत्या वयातील पीतबिंदूच्या विकारात दोन्ही औषधांनी दृष्टी सारख्याच प्रमाणात राखल्याचे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये डोळ्याच्या वापरासाठी बेव्हासिझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मधुमेहामुळे आलेल्या सुजेच्या बाबतीत उत्तर थोडे निराळे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन औषधांची तुलना करण्यात आली. ज्यांची दृष्टी सुरुवातीला फारशी घटलेली नव्हती, त्यांना तिन्ही औषधांचा सारखाच उपयोग झाला. ज्यांची दृष्टी अधिक घटली होती, त्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टचा अधिक लाभ झाला. मग अशा रुग्णांनी स्वस्त औषधाचा विचारच करू नये काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या प्रश्नाचा निर्णय केला. त्यात काही रुग्णांना प्रारंभापासून अफ्लिबरसेप्ट देण्यात आले. इतरांना प्रथम बेव्हासिझुमॅब देऊन, पुरेसा गुण न आल्यास मगच औषध बदलण्यात आले. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील सुमारे ७० टक्के डोळ्यांत औषध बदलावे लागले, हे खरे. परंतु दोन वर्षांअखेर दोन्ही गटांतील दृष्टी सारखीच राहिली. तात्पर्य, परवडणाऱ्या औषधाने सुरुवात करणे आणि वेळेवर तपासणी करून गरजेनुसार बदल करणे, हा शास्त्राला मान्य असलेला मार्ग आहे.

यांच्या जोडीला भारतात तिसरा पर्यायही उपलब्ध आहे. मूळ जैविक औषधाशी गुणधर्मांत मिळतीजुळती अशी औषधे देशी कंपन्या तयार करतात. त्यांना जैवसमरूप औषधे म्हणता येईल. रॅनिबिझुमॅबचे असे देशी औषध २०१५ मध्ये भारतात मंजूर झाले. ते एका मात्रेच्या कुपीत मिळते, त्यामुळे विभागणीचा प्रश्न उरत नाही आणि मूळ औषधापेक्षा खर्च कमी होतो. बेव्हासिझुमॅबचीही देशी औषधे २०१६ पासून बाजारात आली आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. नव्या दराप्रमाणे देयक केले आहे ना, हे पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

काटकसर कोठे करू नये

विभागणीच्या मार्गात एक धोका आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. कर्करोगाचे औषध म्हणून मंजूर झालेली कुपी डोळ्यासाठी विभागताना निर्जंतुकतेचे नियम काटेकोरपणे पाळले गेले नाहीत, अथवा औषधच बनावट निघाले, तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांना इजा होऊ शकते. जानेवारी २०१६ मध्ये अहमदाबाद येथे इंजेक्शनानंतर अनेक रुग्णांच्या दृष्टीस अपाय झाला. त्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी बेव्हासिझुमॅबच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा जारी केला. गरीब रुग्णांचा परवडणारा उपचारच त्यामुळे बंद होईल, ही बाब नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी निदर्शनास आणली आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात तो इशारा मागे घेण्यात आला. या घटनेचा बोध दुहेरी आहे. स्वस्त औषध त्याज्य नाही. मात्र ते खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले आणि निर्जंतुक व्यवस्थेत विभागलेले असले पाहिजे.

एरवी हे इंजेक्शन सुरक्षित समजले जाते. डोळा बधिर करून, जंतुनाशक आयोडीनचे द्रावण टाकून, अतिशय बारीक सुईने काही क्षणांत ते दिले जाते. डोळ्याच्या आत गंभीर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एक असे आढळते. इंजेक्शनानंतरच्या काही दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर "उद्या पाहू" असे न म्हणता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

औषध रुग्णाने बाहेरून आणावयाचे असल्यास आणखी एक दक्षता घ्यावी. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात. परभणीच्या मे महिन्यातील उन्हात ती खिशात किंवा पिशवीत नेली, तर निकामी होतात. पक्के देयक, तुकडी क्रमांक, मुदतीची तारीख आणि बर्फाच्या पिशव्यांसह केलेले वेष्टन या चार गोष्टींचा आग्रह धरावा.

इंजेक्शनांची संख्या

एका इंजेक्शनाची किंमत हा हिशेबाचा एक भाग झाला. दुसरा भाग संख्येचा आहे. मधुमेही सुजेच्या चाचण्यांत रुग्णांना पहिल्या वर्षी साधारणतः नऊ-दहा आणि दुसऱ्या वर्षी पाच-सहा इंजेक्शने लागली. म्हणजे खर्चाचा मोठा भार पहिल्या वर्षी येतो आणि पुढे तो हलका होतो. ही गोष्ट कुटुंबाला प्रारंभीच सांगितली, तर तीन इंजेक्शनांनंतर निराश होऊन उपचार सोडण्याचे प्रमाण कमी होईल.

संख्या कमी करण्याच्याही मान्य पद्धती आहेत. सूज ओसरल्यावर दोन इंजेक्शनांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढवीत न्यावे, अशी पद्धत आज रूढ आहे. काही नवी औषधे एका मात्रेस महाग असली, तरी कित्येक रुग्णांत त्यांचा प्रभाव अधिक काळ टिकतो. म्हणून तुलना एका मात्रेच्या किमतीने न करता वर्षभराच्या एकूण खर्चाने करावी. सूज असूनही नजर उत्तम असेल, तर लगेच इंजेक्शन न देता नियमित तपासणीखाली थांबता येते, असेही २०१९ च्या एका चाचणीत दिसून आले आहे. मात्र थांबण्याचा निर्णय तज्ज्ञांचा असावा, रुग्णाच्या खिशाचा नसावा.

परत येऊ न शकणारा रुग्ण आणि लेसर

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा रुग्णाला दर महिन्याला बोलावणे म्हणजे त्याला उपचार किंवा उपजीविका यांपैकी एकाची निवड करावयास सांगणे होय. त्याच्या दृष्टीने पुढील माहिती फार मोलाची आहे.

पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या असतील, तर लेसर किरणांनी उपचार करण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून सिद्ध झालेली आहे. इंजेक्शनानेही त्या आक्रसतात. परंतु अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांहून अधिक काळ उपचाराला न आलेल्या रुग्णांची पाहणी करण्यात आली. केवळ इंजेक्शने घेतलेल्यांच्या डोळ्यांची स्थिती लेसर घेतलेल्यांपेक्षा पुष्कळच वाईट झालेली आढळली. त्यांच्यात पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रकार अधिक होते. याचे कारण उघड आहे. औषधाचा प्रभाव ओसरतो, लेसरचा परिणाम मात्र टिकून राहतो. लेसर काही बैठकांत पूर्ण होतो आणि त्याचा खर्चही मर्यादित असतो. तेव्हा आपण अमुक महिने गावी नसतो, ही गोष्ट रुग्णाने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे. ती न सांगितल्यामुळे योग्य उपचाराची संधी हुकते. पीतबिंदूवरील सुजेच्या बाबतीत लेसर इंजेक्शनाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. तेथे काही रुग्णांसाठी अधिक काळ टिकणाऱ्या स्टेरॉइड औषधाचा विचार होतो. त्याने डोळ्यातील दाब वाढण्याचा व मोतीबिंदू होण्याचा संभव असल्यामुळे ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च

रुग्णालयाच्या देयकात न दिसणारा खर्चही मोठा असतो. पडद्याच्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. त्यानंतर काही तास नजर धूसर राहते, त्यामुळे सोबत माणूस लागतो. म्हणजे दोघांचा प्रवास आणि दोघांची मजुरी. वर्षाला दहा खेपा झाल्या, तर वीस दिवसांची मजुरी बुडते.

हा खर्च कमी करण्यासाठी राज्य परिवहन महामंडळाच्या सवलती उपयोगी पडतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे पडते. वृद्ध रुग्णाबरोबर घरातील महिला गेली, तर दोघांच्या प्रवासाचा भार पुष्कळच हलका होतो. वयाचा पुरावा मात्र जवळ बाळगावा. तपासणी व इंजेक्शन एकाच दिवशी होऊ शकेल का, हे आधी विचारून घेतल्यास खेपा निम्म्या होतात. एका तालुक्यातील रुग्णांनी एकाच वारी जाण्याचे ठरविले, तर सोबतीचा खर्च वाटला जातो आणि विभागलेल्या कुपीचाही पूर्ण उपयोग होतो.

उपचाराचे ठिकाण निवडतानाही अंतराचा विचार करावा. परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून प्रथम चौकशी तेथील नेत्ररोग विभागात करावी. पूर्णा तालुक्यास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे आहे, तर गंगाखेड-सोनपेठकडील रुग्णांना परळीमार्गे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. सेलू-मानवतच्या बाजूस रेल्वेने जालना व छत्रपती संभाजीनगर जोडलेली आहेत.

शासकीय साहाय्य

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांची राज्यात एकत्रित अंमलबजावणी होते. विस्तारित योजनेखाली प्रत्येक कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण देण्यात आले आहे व शिधापत्रिकेच्या रंगाची पूर्वीची अट राहिलेली नाही. योजनेत ठराविक उपचार ठराविक रुग्णालयांतच मिळतात. म्हणून पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून, सुचविलेले इंजेक्शन अथवा लेसर उपचार त्या रुग्णालयात योजनेखाली मिळेल किंवा कसे, हे विचारून घ्यावे. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी करता येते. पैसे भरून उपचार घेतल्यानंतर योजनेची आठवण होणे, हा नेहमीचा अनुभव टाळता येण्याजोगा आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि पूर्वीच्या तपासण्यांचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत.

तद्वतच १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य करण्यात आले आहेत. रक्तातील साखर आणि रक्तदाब यांची तपासणी तेथे करून घेता येते.

सर्वांत स्वस्त इंजेक्शन

सर्वांत स्वस्त इंजेक्शन म्हणजे जे घ्यावेच लागत नाही ते. ब्रिटनमध्ये वीस वर्षे चाललेल्या मधुमेहाच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्या मधुमेहींत दृष्टी घटण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. तिचा आकडा एका टक्क्याने खाली आला, तर डोळे व मूत्रपिंड यांतील बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी होतात, असेही त्याच अभ्यासातून पुढे आले. साखरेची आणि रक्तदाबाची साधी गोळी नियमित घेणे हा डोळ्याचाच उपचार आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची. पडद्याचा विकार प्रारंभी कोणतेही लक्षण दाखवीत नाही. दुखत नाही, खुपत नाही, नजरही चांगली असते. नजर अधू झाल्यावर तपासणीस जाणारा मधुमेही बहुधा उशिराच पोहोचतो. म्हणून प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झालेल्या प्रत्येकाने निदानाच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घेतला पाहिजे. गरोदर मधुमेही स्त्रीने ही तपासणी अधिक लवकर व अधिक वेळा करावी.

गावपातळीवरील कार्य

या कामी ग्रामपंचायतीला नव्या निधीची किंवा इमारतीची वाट पाहावी लागत नाही. गावातील मधुमेहींची नोंद आशा कार्यकर्ती व आरोग्य उपकेंद्र यांच्याकडे असते. त्या यादीत "पडदा तपासल्याची तारीख" असा एक रकाना वाढविला आणि ग्रामसभेच्या वेळी, नावे जाहीर न करता, किती जणांची तपासणी राहिली आहे एवढी संख्या सांगितली, तरी काम सुरू होते. आरोग्य समितीने वर्षातून एक वार ठरवून अशा रुग्णांना नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे एकत्र पाठवावे. ऊसतोडीला निघण्यापूर्वीचा काळ त्यासाठी उत्तम होय.

शिक्षकांनाही यात स्थान आहे. गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान घरातील वृद्धांपुढे धरून, एकेक डोळा झाकून, "रेघा सरळ दिसतात का, मध्येच तुटतात का" असे विचारावयास विद्यार्थ्यांना शिकविता येईल. रेघा वाकड्या दिसल्यास पीतबिंदूच्या विकाराची शंका घ्यावी. या साध्या परीक्षेने तपासणीची गरज संपत नाही, कारण रेघा सरळ दिसल्या तरी मधुमेहीचा पडदा बाधित असू शकतो. परंतु दोन डोळ्यांपैकी एक निकामी होत असल्याचे दुसऱ्या चांगल्या डोळ्यामुळे लक्षातच येत नाही, ही चूक तरी टळते.

ज्यांना इंजेक्शन सुचविले आहे, त्यांच्यासाठी पुढील पाच प्रश्न एका कागदावर लिहून देण्याचे काम गावातील कोणीही लिहिता-वाचता माणूस करू शकेल.

१. माझ्या विकारात परवडणाऱ्या औषधाने सुरुवात करता येईल काय, आणि ते येथे कशा पद्धतीने विभागले जाते?
२. पहिल्या वर्षी साधारण किती इंजेक्शने लागतील आणि एकूण खर्च किती येईल?
३. मी काही महिने गावी नसतो. माझ्यासाठी लेसर उपचार योग्य ठरेल काय?
४. हा उपचार शासकीय योजनेखाली येथे अथवा जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळेल?
५. तपासणी आणि इंजेक्शन एकाच दिवशी होईल काय?

हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्यासारखे काहीच नाही. रुग्णाची अडचण कळली, तरच तज्ज्ञ त्याला झेपेल असा उपचार आखू शकतात. खर्चाच्या भीतीने गप्प राहणारा रुग्ण तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो आणि पुढे त्याला स्वतःलाही दिसेनासे होते. परवडणारे औषध, टिकणारा लेसर, प्रवासातील सवलत आणि योजनेचे साहाय्य हे चारही मार्ग आज उपलब्ध आहेत. ते ज्याच्या उपयोगाचे आहेत, त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे एवढेच काम उरते, आणि ते गावातच होण्याजोगे आहे.